गूढविद्येची पुस्तकं छापणाऱ्यांना खुलं पत्र: काढून टाकलेल्या टिपा परत छापा

प्रति,
जादू, भविष्यकथन, चेटूक आणि गूढसाधना या विषयांची पुस्तकं छापणारे सर्व प्रकाशक आणि संपादक

स. न. वि. वि.

तुमच्यातल्या एका प्रकाशनसंस्थेने तंत्रमंत्राच्या जुन्या पोथ्यांच्या मालेतून संपादकीय प्रस्तावना, तळटिपा आणि पाठभेद काढून टाकायचं ठरवलं आहे. टिपांमुळे ‘ग्रंथाची जादू उतरते’, वाचकाला मूळ मजकुराचा थेट अनुभव हवा असतो, असं कारण त्यांनी दिलं आहे. नवी आवृत्ती मी पाहिली. काळी कापडी बांधणी, पानांना सोनेरी कड, खुणेसाठी लाल फीत. पण मजकूर कुठल्या हस्तलिखितावरून घेतला, तो पहिल्यांदा कधी छापला गेला, आधीच्या आवृत्तीतलं काय गाळलं, यातलं काही आत नाही. अनुवादकाचं नावही नाही. म्हणजे ज्याला मूळ मजकूर म्हणता तो मुळात अनुवाद आहे, हेही वाचकाला कळायचं नाही.

हा एकाच संस्थेचा प्रकार असता तर पत्र तिलाच धाडलं असतं. पण तुमच्यापैकी बरेच जण वर्षानुवर्षं हेच करत आला आहात, फक्त त्याची घोषणा करत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना, आणि उघड.

आता मी कोण, ते सांगते. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात तालिकीकरणाच्या, म्हणजे नव्या पुस्तकांची नोंद करण्याच्या, टेबलावर झाली. विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात १३३ हा आकडा तुमच्या पुस्तकांचा. त्यातच पुढे १३३.३ वर भविष्यकथन, १३३.४ वर भूतविद्या आणि चेटूक, १३३.५ वर फलज्योतिष, १३३.६ वर हस्तसामुद्रिक. इतर विषयांच्या पुस्तकाची नोंद चहा निवायच्या आत होते. या कप्प्यातलं पुस्तक आलं की दुपार जायची. लेखक कोण? ‘एक प्राचीन सिद्ध’. साल? ‘अज्ञात काळ’. अनुवादक? श्रेयपान कोरं. नोंद तर करायचीच असते, मग आम्हीच शोधत बसायचो. शोधलं की बहुतेक वेळा उत्तर सापडायचं. म्हणजे ती माहिती हरवलेली नव्हती, ती कुणीतरी पुसली होती.

दुसरं असं की मी स्वतः टॅरोची, म्हणजे भविष्य पाहायच्या चित्रांच्या पत्त्यांची, पानं मांडते. तेव्हा ही कुणी अंधश्रद्धा निर्मूलनाला निघालेली बाई आहे असं समजून पत्र बाजूला सारू नका, आणि आपल्यातलीच आहे म्हणून मला सांभाळूनही घेऊ नका. पानं खरं बोलतात की नाही, हा वाद मी इथे काढणार नाही. ती कधी, कुठे, कोणी रंगवली, यावर वाद नाही. ते कागदपत्रांत आहे.

टॅरोचंच घ्या. ही पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आली ती खेळायला. हुकमाचा डाव असतो, तशातलाच तो खेळ. तीन शतकांहून जास्त काळ लोक तो नुसता खेळत होते. मग १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने लिहून टाकलं की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी चित्रांत लपवून ठेवलेलं ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कोणालाही वाचता येत नव्हती; शांपोलियाँने तिचा उलगडा केला १८२२ मध्ये. ती वाचता येऊ लागल्यावरही इजिप्तमध्ये टॅरोचा मागमूस सापडला नाही. तरी तुमच्या मलपृष्ठांवर अजून पिरॅमिड आहेत. मला यात खटकतं ते एवढंच, की खरी हकीकत जास्त रंजक आहे आणि ती तुम्ही वाचकापासून लपवता. पैजा लावून खेळायचा पत्त्यांचा जोड काही माणसांच्या कल्पनेतून भविष्य सांगणारा होतो, हे कुठल्याही पिरॅमिडपेक्षा नवलाचं आहे.

वय फुगवण्याचा हा रोग सगळीकडे आहे. रून म्हणजे जुन्या जर्मॅनिक लोकांची अक्षरं. त्यांच्या सर्वांत जुन्या वर्णमालेत २४ चिन्हं. भविष्य सांगण्याच्या संचात पंचविसावा कोरा दगड असतो, तो १९८२ च्या एका लोकप्रिय पुस्तकातून आला. ज्याला कोरा दगड उपयोगी वाटतो त्याने तो खुशाल वापरावा, पण त्याला ‘व्हायकिंगांचा वारसा’ म्हणून विकू नये. याहून गंभीर प्रकार अठरा रूनांच्या संचाचा. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गीडो फॉन लिस्ट या ऑस्ट्रियन लेखकाने मांडला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने दिसत नव्हतं तेव्हा तो आपल्याला अंतर्दृष्टीने दिसला, असं त्याचं म्हणणं. त्याची विचारसरणी वंशश्रेष्ठत्वाची होती आणि पुढे नाझींच्या वर्तुळांत ती मुरली. हे न सांगता तो संच ‘आद्य रून’ म्हणून कोवळ्या पोरांच्या हाती देता, तेव्हा ती नुसती तारखेची चूक राहत नाही. तसंच आधुनिक चेटूकधर्माचं, म्हणजे विक्काचं. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, १९५४ मध्ये या धर्माचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर याचं पुस्तक आलं, आणि त्यानंतर हा धर्म जगभर पसरला. सत्तर वर्षांचा धर्म असायला काय हरकत आहे? सगळे धर्म कधीतरी सत्तर वर्षांचे होतेच. अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टने आपल्या भयकथांसाठी कल्पिलेल्या ‘नेक्रोनॉमिकॉन’ या पोथीबद्दल तर मी बोलतच नाही. तिची १९७७ ची ‘अस्सल’ आवृत्ती अजून खपते आहे.

आता नावांबद्दल. टॅरोचा सर्वांत जास्त वापरला जाणारा संच १९०९ मध्ये लंडनला निघाला. ७८ पानांची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आधीच्या बहुतेक संचांत तीन तलवारी म्हणजे नुसत्या तीन तलवारी असत. यांनी त्या हृदयात खुपसल्या आणि मागे पाऊस दाखवला. साध्या पानांनाही अशी दृश्यं मिळाली, म्हणूनच नवशिक्याला हा संच लवकर उमगतो. म्हणजे आज टॅरो शिकवणारी तुमची अर्धी पुस्तकं या बाईंच्या रेघांवर उभी आहेत. या कामाचे त्यांना फार थोडे पैसे मिळाले आणि १९५१ मध्ये त्या कर्ज मागे ठेवून गेल्या. संच मात्र प्रकाशकाच्या आणि काम सांगणाऱ्या आर्थर वेटच्या नावाने ओळखला गेला. अलीकडे काही जण त्यांचं नाव घालू लागलेत, त्यांचे आभार. उरलेल्यांनी एक ओळ घालायला किती जागा लागते ते मोजून पाहावं.

पण माझी खरी तक्रार पाठांबद्दल आहे. इथे तुम्ही श्रद्धाळू वाचकाची जितकी फसवणूक करता तितकी चिकित्सकाची करत नाही. चिकित्सक दुसरीकडे शोधून घेतो. श्रद्धाळू माणूस मात्र तुमच्या पानावर विसंबून पुढचं करायला घेतो.

अब्रामेलिन नावाच्या मांत्रिकाच्या नावावरच्या पोथीचं उदाहरण देते. ती एकांतात राहून करायची दीर्घ साधना आहे. मॅथर्स या ब्रिटिश गूढविद्यासाधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा इंग्रजी अनुवाद केला तो पॅरिसमधल्या एका फ्रेंच हस्तलिखितावरून, आणि ते सदोष निघालं. त्यात साधनेचा काळ सहा महिने आहे. जुन्या जर्मन प्रतींत अठरा महिने. अक्षरांचे कितीतरी जादूचे चौकोन फ्रेंच प्रतीत अर्धवट आहेत, ते जर्मन प्रतींत भरलेले आहेत. अभिषेकाच्या तेलातही तसंच. बायबलच्या निर्गम या पुस्तकात तेलासाठी सांगितलंय वेखंडाच्या जातीचं सुगंधी बोरू, आणि मॅथर्सच्या पाठात आलंय कुलिंजन. जर्मन प्रतींवरून केलेला इंग्रजी अनुवाद २००६ पासून उपलब्ध आहे. तरी तुम्ही जुनाच पाठ ‘संपूर्ण व अस्सल’ म्हणून पुन्हा पुन्हा छापता, कारण त्याचे हक्क संपलेत आणि तो फुकट मिळतो. छापा. पण जो माणूस घरदार सोडून साधनेला बसणार आहे त्याला सहा की अठरा, एवढं तरी सांगायला नको? या एका टिपेने जादू उतरते म्हणता? अहो, जादू करू पाहणाऱ्यालाच तर ती टीप हवी आहे!

बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या नावावरच्या पोथीचंही हेच. १८८९ ची मॅथर्सची आवृत्ती ही अनेक हस्तलिखितं जुळवून आणि काळ्या जादूचे वाटले ते भाग वगळून केलेली आहे. त्याने स्वतः प्रस्तावनेत ते मोकळेपणाने लिहिलंय. तुम्ही काय केलंत? ती प्रस्तावनाच कापलीत.

आणि योहान वायरचं काय करायचं, मला खरंच कळत नाही. हा सोळाव्या शतकातला वैद्य. चेटकीण ठरवून बायकांना जाळणं चूक आहे, त्यातल्या कित्येक आजारी आणि गांजलेल्या आहेत, असं त्याने १५६३ मध्ये ग्रंथ लिहून सांगितलं. पुढे १५७७ च्या आवृत्तीला त्याने भुतांच्या राजेरजवाड्यांची यादी जोडली. हेतू असा की हा सगळा मूर्खपणा लोकांनी उघड्यावर पाहावा. ती वापरून कोणी प्रयोग करू नये म्हणून काही भाग मुद्दाम गाळल्याचंही त्याने लिहून ठेवलं. १५८४ मध्ये रेजिनाल्ड स्कॉटने तीच यादी इंग्रजीत आणली, तीही चेटकाच्या समजुती खोडून काढणाऱ्या ग्रंथात. आणि मग जे भुतांना आवाहन करणारे होते त्यांनी ती तिथून उचलली. वायरच्या यादीतली ६९ भुतं पुढच्या पोथीत ७२ झाली, १९०४ मध्ये ती इंग्रजीत छापली गेली, आणि आज प्रत्येक भुताच्या मोहरेसह ती तुमच्या मालेत आहे. खंडनासाठी लिहिलेला, जाणूनबुजून लंगडा ठेवलेला मजकूर मंडनाचा ग्रंथ होऊन बसला. वायरचे गुरू म्हणजे जादूवर ग्रंथ लिहिणारे जर्मन विद्वान अग्रिपा. ते १५३५ मध्ये वारल्यावर त्यांच्या नावावर एक ‘चौथं पुस्तक’ निघालं. ते बनावट आहे असं वायरने बजावून सांगितलं होतं. साडेचारशे वर्षं झाली, तुम्ही अजून ते अग्रिपाच्या नावावर छापता.

यापुढचा मुद्दा लिहिताना मला शब्द आवरावे लागताहेत. हाइनरिख क्रेमरचा ‘मॅलियस मॅलिफिकारम’, म्हणजे चेटकिणींवरचा हातोडा, १४८६ च्या सुमाराचा. चेटकीण कशी ओळखावी, तिचा छळ कसा करावा, तिला शिक्षा कशी द्यावी, याचं ते मार्गदर्शन आहे. आणि बायका मुळातच दुबळ्या आणि वासनाळू म्हणून सैतानाला वश होतात, हा त्यातला युक्तिवाद. तुमच्या सूचीत तो चेटूक शिकवणाऱ्या पुस्तकांच्या मालेत आहे, त्याच काळ्या बांधणीत, त्याच फितीसह, भेट द्यायच्या संचात. ज्या बायकांच्या नावाने तुम्ही ‘आपल्यातली चेटकीण जागी करा’ म्हणता, त्यांच्या मारेकऱ्याची पुस्तिका त्यांच्याच शेजारी ठेवलीत! वर मजकूर बहुतेक १९२८ च्या माँटेग्यू समर्सच्या इंग्रजी अनुवादावरून घेतलेला. समर्सचा चेटकिणींवर मनापासून विश्वास होता आणि क्रेमरचं त्याला कौतुक होतं. पुनर्मुद्रणात त्याची प्रस्तावना असते तेव्हा वाचकाच्या गळी उतरतं हे कौतुक, आणि ती नसते तेव्हा काहीच नसतं. हा ग्रंथ बंद करा असं मी म्हणत नाही. अभ्यासाला तो हवाच. मंत्रपोथ्यांच्या मालेत नको, इतकंच.

याच इतिहासातला एक आकडाही सोडा. ‘नव्वद लाख चेटकिणी जाळल्या’ हे वाक्य तुमच्या पुस्तकांत जागोजागी आहे. त्याचं मूळ १७८४ मध्ये. फॉइग्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने आपल्या गावच्या दप्तरातल्या थोड्या खटल्यांवरून साऱ्या युरोपचा आणि कित्येक शतकांचा गुणाकार मांडला, आणि उत्तर आलं ९४,४२,९९४. शेवटच्या चार जिवांपर्यंत हिशेब! आजचे इतिहासकार साधारण ४० ते ६० हजार जणांना देहदंड झाला असं मानतात. हा आकडा काय कमी भयानक आहे, की तो फुगवायला हवा?

विषांबद्दल थोडक्यात, कारण यात वाद होण्यासारखं काही नाही. अग्रिपाने सांगितलेल्या शनीच्या धुपात खुरासनी ओव्याचं बी आहे. त्यातल्या हायोसायमीन आणि स्कोपोलामीनने माणसाला भ्रम होतो, काळीज धडधडतं, आणि मात्रा वाढली तर जीव जातो. देल्ला पोर्ता या इटालियन विद्वानाच्या १५५८ च्या ग्रंथात चेटकिणींच्या लेपाची कृती होती, त्यात बचनाग. बचनाग हृदयाची लय बिघडवतो, आणि तो कातडीतूनही आत जातो. देल्ला पोर्ताने पुढच्या आवृत्तीत ती कृती वगळली. तुमच्याकडे ती ‘उड्डाणाचा लेप’ म्हणून चौकटीत छापली जाते. हिंगूळ हे पाऱ्याचं खनिज, ते तापवलं की पाऱ्याची वाफ होते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने अशाच एका पुस्तकातला धूप बंद खोलीत जाळला आणि दोन दिवस इस्पितळात काढले. पुस्तकात इशारा नव्हता. आधीच्या आवृत्तीत होता, तळटिपेत.

आणि पाश्चात्त्य पोथ्यांनाच नावं ठेवते असं नको, म्हणून चक्रांबद्दलही. सात चक्रं आणि इंद्रधनुष्याचे सात रंग हे कोष्टक तुम्ही ‘प्राचीन तंत्रग्रंथांनुसार’ म्हणून देता. ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. सोळाव्या शतकातल्या पूर्णानंदांचं ‘षट्चक्रनिरूपण’ उघडून पाहा: मणिपूराच्या पाकळ्या पावसाने भरलेल्या ढगासारख्या, अनाहताच्या बंधूक फुलासारख्या तांबड्या, आज्ञाचक्र चंद्रासारखं पांढरं. तुमच्या कोष्टकात हीच तीन चक्रं पिवळी, हिरवी आणि जांभळट निळी आहेत. मूळ संस्कृत छापील मिळतं, १९१९ पासून इंग्रजीतही मिळतं. ‘प्राचीन ग्रंथांनुसार’ लिहिणाऱ्याने त्यातला एक तरी उघडावा.

वाचक टिपा वाचतच नाहीत, असं तुमचे विक्रीवाले सांगत असतील. तालिकीकरणाच्या टेबलावरून मी उलटं पाहिलं आहे. १३३ मधली पुस्तकं परत यायची तेव्हा पेन्सिलच्या खुणा सर्वांत जास्त असायच्या त्या टिपांच्या पानांवर. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करू नयेत, हे खरंच. पण या वाचकांइतका बारकाईने वाचणारा दुसरा वाचक मला भेटला नाही, आणि त्यालाच तुम्ही भोळा समजता.

मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक जुन्या ग्रंथाला उगमाचं एक पान द्या: कुठलं हस्तलिखित किंवा आवृत्ती, पहिल्या छपाईचं साल, मूळ भाषा, अनुवादक. अनुवादावरून अनुवाद असेल तर तसं लिहा. मजकूर कापला असेल तर ‘संपूर्ण’ हा शब्द काढा. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर नाही तर निदान श्रेयपानावर घाला. लेखक अंदाजाने लावलेला किंवा खोटा ठरलेला असेल तर नावाआधी ‘यांच्या नावावर असलेलं’ एवढे शब्द वाढवा.

विषारी वनस्पती किंवा खनिज ज्या पानावर आहे त्याच पानावर इशारा छापा, शेवटी बारीक टायपात नको. वनौषधींवरचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहून घेतला असेल तर तो जाणकाराने तपासल्याशिवाय छापू नका, आणि यंत्राचा आहे हे लिहा.

क्रेमरचा ग्रंथ मंत्रपोथ्यांच्या मालेतून आणि भेटसंचांतून काढून इतिहासात ठेवा, आणि आजच्या अभ्यासकाच्या प्रस्तावनेशिवाय काढू नका.

‘हजारो वर्षं प्राचीन’ असं मलपृष्ठावर लिहायचं असेल तर कशावरून, ते आत लिहा. आणि ते लिहिता येत नसेल तर ते शब्द गाळा.

ज्या संस्थेच्या निर्णयामुळे हे पत्र लिहावं लागलं तिला वेगळी विनंती. आधीच्या आवृत्तीच्या टिपा तुमच्याकडे जुळवून तयार आहेत. त्यांचा खर्च कधीच झाला आहे. पुढच्या छपाईत त्या पुस्तकाच्या शेवटी घाला, म्हणजे ज्यांना नको त्यांच्या अनुभवात त्या येणार नाहीत. तेही जमत नसेल तर त्या स्वतंत्र पुस्तिकेत कोणालाही उतरवून घेता येतील अशा खुल्या करा, आणि ती कुठे मिळेल हे काळ्या बांधणीच्या आतल्या पहिल्या पानावर छापा. उत्तर मला खासगीत पाठवू नका. तुमचा निर्णय जाहीर होता, उत्तरही जाहीर द्या.

आपली,
१३३ च्या कप्प्यातली एक जुनी तालिकाकार